पाठ करून बसलेली ओळ

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी नऊच्या सुमारास, वेल्ह्याच्या वरच्या पठारावर भरलेल्या कराटे शिबिरात, चोवीस वर्षांची एक मुलगी लढतीत पडली आणि तिच्या मानेच्या मणक्याला इजा झाली. तिथे तीस-पस्तीस माणसं हजर होती. ती पडताना सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर काय झालं ते दोघांनीच पाहिलं. बाकीच्यांची पाठ होती. मी बाकीच्यांत होते.

शिबिर शनिवारी सकाळी सुरू झालं होतं. आमचा वर्ग पुण्यात एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये भरतो. वरच्या मजल्यावर व्यायामशाळा आहे. वर्गात शाळकरी मुलं, कॉलेजातली मुलं आणि डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून आलेले माझ्यासारखे चार-पाच प्रौढ असतात. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते. तीन वर्षांत हिरव्या पट्ट्यापर्यंत पोचले होते. शिकवणारे सर साठीच्या आसपासचे, निवृत्त बँक कर्मचारी. आवाज चढवत नाहीत. मुलांच्या पालकांशी अदबीनं बोलतात.

ती मुलगी मार्गासनीची. वडलांची थोडी भातशेती. ती नसरापूरच्या एका शाळेत मुलींना कराटे शिकवायची आणि आठवड्यातून दोनदा एसटीनं आमच्या वर्गाला यायची. तिचा तपकिरी पट्टा होता. शिबिराच्या शेवटी काळ्या पट्ट्याची परीक्षा होती. पण तिचं लक्ष त्याकडे नव्हतं. पाच आठवड्यांनी पोलीस भरतीचं ग्राउंड होतं, म्हणजे धावणं आणि गोळाफेक. आधीच्या भरतीत ती गोळ्यात मागे पडली होती. या वेळी गोळा हातात बसला होता. शिबिराला यायचं नाही असं तिनं सरांना सांगून पाहिलं होतं. सर म्हणाले होते, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. मग ती आली.

हे तिनं शनिवारी संध्याकाळी सांगितलं. आम्ही उतरलो होतो ती बंद पडलेल्या एका शाळेची इमारत होती. बायकांना कोपऱ्यातला वर्ग दिला होता. खालच्या वाडीतली एक बाई भाकऱ्या घेऊन आली होती आणि आमचे कपडे बघत दारात टेकली होती.

"दिसभर लाथाच मारताय व्हय? कुनाला?"

"हवेला, मावशी," ती म्हणाली.

"हवेनं काय केलंय तुमचं?"

मग त्या मुलीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या मॅडमची लाथ गुडघ्याच्या वर जात न्हाई. चोर आला तर त्याला आधी खाली बसा म्हणायला लागंल."

बाई हसली. मीही हसले. ती बाई गेल्यावर मुलीनं पायांना तेल चोळलं आणि गोळ्याचं सांगितलं. लोखंडी गोळा भोरवरून आणायचा तर वडील म्हणाले, आधी हात बसू दे. त्यांनी ओढ्यातनं एक गोल दगड आणला, किराणा दुकानाच्या काट्यावर तोलला, टाकी-हातोडीनं तासून थोडा उतरवला आणि वजनाला बरोबर केला. ती रोज सकाळी वेल्ह्याच्या रस्त्यानं धावून आली की अंगणात दगड फेकायची. वडील पुढे उभे राहायचे आणि दगड उचलून आणून द्यायचे.

"आबांना म्हणलं, लांब उभं ऱ्हावा. तर म्हणत्यात, तू लांब टाक, मग ऱ्हातो."

पाठ करून बसण्याची पद्धत आमच्या वर्गात पहिल्या महिन्यातच शिकवतात. लढतीत कुणाला लागलं आणि तो खाली राहिला, की आज्ञा होते. बाकी सगळे जागच्या जागी गुडघ्यांवर बसतात, पडलेल्याकडे पाठ करतात आणि हात मांडीवर ठेवतात. वळून बघायचं नाही. सरांनी त्याचं कारण सांगितलं होतं. पडलेल्या माणसाला दहा डोळे आपल्यावर आहेत असं वाटू नये, त्याला कण्हायला, रडायला मोकळीक मिळावी. दुसरी पद्धत अशी की लढत नमस्कारानं संपते. दोघं समोरासमोर उभे राहतात, कमरेत वाकतात, मगच रिंगण सोडतात. लागलेला माणूसही शक्य असेल तर उभा राहून वाकतो. हॉलमध्ये या दोन्ही गोष्टी मी अनेकदा पाहिल्या होत्या. फुटलेलं नाक, मुरगळलेला अंगठा. पाच मिनिटांत सगळं पुन्हा सुरू व्हायचं.

पठारावर शाळेमागे कातळ आहे. त्यावर आम्ही फोमच्या मॅट अंथरल्या होत्या. या मॅटना कडेला दात असतात, ते एकमेकींत अडकवायचे. हॉलमध्ये चारी बाजूंनी भिंती असल्यामुळे त्या हलत नाहीत. कातळ उताराचा होता आणि धरायला काही नव्हतं. शनिवारी संध्याकाळीच सांधे उघडायला लागले होते. आम्ही पायांनी ढकलून ते मिटवत होतो. रविवारी सकाळी दव पडलं होतं. टॉवेलनं मॅट पुसल्या.

तिची लढत कॉलेजातल्या एका मुलाबरोबर होती. तोही काळ्या पट्ट्याच्या परीक्षेला होता. त्यानं तिचा पुढचा पाय आपल्या पायानं झाडला, म्हणजे जमिनीवरून उडवला. हा डाव नियमात बसतो. ती मागे पडली. मान दोन मॅटच्या मधल्या उघड्या फटीवर आली. हे मी समोरून, आठ-दहा हातांवरून पाहिलं. ती लगेच उठली नाही. सरांनी आज्ञा दिली. ओळीतले सगळे वळले आणि बसले.

समोर तोरण्याची सोंड होती. खालच्या वाडीत कुणीतरी मोटर सुरू केली होती. मागून आधी काही ऐकू आलं नाही. मग सरांचा आवाज आला. "हात हलतायत का?" तिचं उत्तर ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं सर म्हणाले, "ऊठ. नमस्कार कर, मग बाहेर बस." कापडाचा आवाज झाला. मग जड काहीतरी पडल्याचा आवाज झाला. त्यानंतर सर म्हणाले, "पाणी आणा." तेव्हा आम्ही वळलो. ती पडलेली होती. डोळे उघडे होते. डावा हात अंगाखाली होता आणि तिनं तो काढला नाही.

पठारावर मोबाईलला रेंज नव्हती. सरांच्या जीपची मागची सीट काढून तिला मॅटवर घेतलं, मॅटसकट आत ठेवलं. बरोबर एक बाई हवी म्हणून मी बसले. वेल्ह्यात डॉक्टरांनी मानेला पट्टा बांधला, तिला फळीवर घेतलं आणि लगेच पुण्याला न्या असं सांगितलं. तिथून पुढे रुग्णवाहिका मिळाली. तिच्या मोबाईलवरून मी तिच्या घरी फोन केला.

मार्गासनीच्या फाट्यावर तिचे वडील उभे होते. पायांत चपला नव्हत्या. ते आत चढले आणि तिच्या डोक्याशी बसले.

"आबा, ग्राउंड कधी हाय?" ती म्हणाली.

"हाय की अजून. लई दिस हायेत."

नसरापूर येईपर्यंत तिनं हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. दर वेळी त्यांनी तेच उत्तर दिलं. मग तिचा डोळा लागला आणि रुग्णवाहिकेतल्या माणसानं तिला झोपू देऊ नका म्हणून बजावलं. वडील तिच्याशी बोलत राहिले. भात झोडायला कोण येणार, शेजारची म्हैस कशी आटली. मधेच त्यांनी मला विचारलं.

"कुनी पाडली?"

"समोरच्या मुलानं पाय झाडला. तो डावच आहे. मुद्दाम नाही."

"मग पुढं?"

"पुढचं मी पाहिलं नाही. आम्हाला पाठ करायला सांगितली होती."

त्यांना ते कळलं नाही. हायवेला लागल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. "पाठ करायला म्हंजी?"

मी पद्धत सांगितली. सरांनी दिलेलं कारणही सांगितलं.

त्यांनी तिच्या अंगावरची चादर वर ओढली. मग म्हणाले, "आमच्यात बैल बसला तरी गाव भवती जमतं."

पुण्यातल्या रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न हाच होता. पडल्यानंतर ती उभी राहिली होती का? तोवर सर आणि तो मुलगा येऊन पोचले होते. सर म्हणाले, "ती आपली आपण उठायला लागली. मी धरायच्या आत पुन्हा खाली बसली." उभी राहिली होती का, असं डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. सर म्हणाले, "पूर्ण नाही." मुलाला विचारलं. तो म्हणाला, "सर म्हणतात तसंच." मी जे ऐकलं होतं ते सांगितलं. सरांचं 'ऊठ', कापडाचा आवाज, पडण्याचा आवाज. सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "मॅडमची पाठ होती."

ते खरं होतं.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली. मणका सरकला होता. तो पहिल्या पडण्यात सरकला की नंतर, हे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. उपचारात त्यानं काही फरक पडत नाही, असंही म्हणाले.

"मला पडतो," तिचे वडील म्हणाले.

त्या आठवड्यात आमच्या डेस्कवर वेल्ह्याच्या वार्ताहराकडून चार ओळींची बातमी आली. कराटे शिबिरात पाय घसरून तरुणी जखमी. पाय घसरला नव्हता, हे मी पाहिलेलं होतं. मी ते काढून 'लढतीच्या सरावात पडून' असं केलं. त्यापुढे घालण्यासारखं माझ्याकडे पुष्टी झालेलं काही नव्हतं. बातमी आतल्या पानावर लागली.

तीन आठवड्यांनी तिचे वडील आमच्या वर्गात आले. त्या दिवशी वर्ग भरलेला होता. तो मुलगा नव्हता. शिबिरानंतर तो वर्गाला आलाच नाही. वडलांनी दारात चपला काढल्या, सरांना जय भीम घातला. सरांनी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"पोरीची तब्येत?" सरांनी विचारलं.

"उजवा हात उचलती. पाय धरून धरून टाकती. डाव्या हाताची मूठ न्हाई वळत." मग ते म्हणाले, "एक काम व्हतं. ह्यांना त्या दिशी बसवलं व्हतं तसं बसवा."

"कशासाठी?"

"म्हाताऱ्याचं समाधान. बसवा."

सरांनी आम्हाला ओळीत बसवलं. भिंतीकडे तोंड, मॅटकडे पाठ. वडील मागे मॅटवर गेले. त्यांचा आवाज मागून आला.

"मला बगायचंय, मागं पडल्यालं मानूस ऐकू येतं का न्हाई. म्या आता पडनार हाय. आवाज आला की हात वर करा. बोलू नका कुनी."

ते का करत होते हे सगळ्यांना समजलं होतं. ऐकू येतं हे सिद्ध झालं, तर त्या दिवशी ती दुसऱ्यांदा पडल्याचा आवाज मी एकटीनंच नाही, ओळीतल्या इतरांनीही ऐकला होता, असं कुणी पुढे येऊन सांगेल, अशी त्यांची समजूत होती. तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी काहींना विचारलं होतं. मोटर चालू होती, असं एक जण म्हणाला. सरांच्या विरुद्ध कशाला, असं दुसरा म्हणाला.

आम्ही बसून राहिलो. एका लहान मुलाला खोकला आला, तो त्यानं दाबला. मग धप्प आवाज झाला. मी हात वर केला. डावी-उजवीकडेही हात वर गेले.

"म्या उभाच हाय," वडील मागून म्हणाले.

आवाज वरच्या व्यायामशाळेतला होता. तिथे कुणीतरी वजन जमिनीवर टाकलं होतं. आम्ही तो आवाज रोज ऐकत होतो.

कुणी वळलं नाही, कारण आज्ञा झाली नव्हती. वडील थोडा वेळ तसेच थांबले असावेत. मग ते म्हणाले, "बरं." पाऊल वाजलं नाही. सरांनी आम्हाला वळवलं तेव्हा मॅट रिकामी होती आणि दारातल्या चपला गेल्या होत्या.  सरांनी उरलेला वर्ग पूर्ण केला.

पुढच्या पंधरवड्यात भरतीचं ग्राउंड झालं. ती गेली नाही. त्या दिवशी ती मार्गासनीत घरीच होती.

फेब्रुवारीत मी तिच्याकडे गेले. स्वारगेटहून एसटीनं नसरापूर आणि तिथून टेम्पोनं मार्गासनी. अंगणात भाताच्या पेंढ्यावर निळा प्लॅस्टिकचा कागद टाकलेला होता आणि तो उडू नये म्हणून कडेला दगड ठेवले होते. त्यांतला एक गोल होता, टाकीच्या खुणा असलेला. ती ओसरीवर खुर्चीत बसली होती. डाव्या हातात रबराचा चेंडू दिलेला होता. तो धरता येत नसल्यानं मांडीवर नुसता ठेवला होता. वडील उंबऱ्याशी बसून सुतळी वळत होते.

"मॅडम, लाथ आली का वर?" ती म्हणाली.

"नाही. गुडघ्यापर्यंतच."

"मग चोराला बसाच म्हणा."

चहा झाला. मी तिला त्या दिवसाचं काही विचारायचं नाही असं ठरवून गेले होते. तिनंच काढलं. पडल्याचं आठवत नाही, म्हणाली. त्या मुलाचा चेहरा आठवत नाही, जीप आठवत नाही. वडील फाट्यावर आत चढले ते आठवतं.

"आन् मधलं एकच. तुमचा चाप."

"कुठला चाप?"

"केसातला. तुमी ओळीत बसला व्हता, पाठमोऱ्या. चाप सुटला व्हता तुमचा, निम्मा लोंबत व्हता. वरनं दिसला. म्हणलं सांगावं ह्यांना, पडंल, आन् मग कायबी न्हाई."

वडलांचे हात थांबले.

"वरनं?"

"वरनंच की. सगळ्यांचे भांग दिसत व्हते."

"म्हंजी उभी व्हतीस तू."

"असन. त्याबिगर कसं दिसंल?"

त्या सकाळी चाप मी लावला होता. जीपमध्ये बसताना तो केसांत नव्हता. याआधी हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं आहे असं वाटलं नव्हतं. मी ते तिथे त्या दोघांना सांगितलं.

वडलांनी सुतळी पुन्हा हातात घेतली. "पूर्ण न्हाई म्हणत व्हते तुमचे सर," ते म्हणाले. नंतर त्यांनी विषय बदलला, मला परतीचा टेम्पो कुठं थांबतो ते सांगितलं आणि सोडायला फाट्यापर्यंत आले. तक्रार देणार का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "काय लिवनार? पोरीला चाप दिसला म्हनून?"

पुण्यात आल्यावर मी सरांना फोन केला आणि तिनं जे सांगितलं ते सांगितलं. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाले, "डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या आठवणीवर जाऊ नका, मॅडम. आणि समजा उभी राहिली. तिला उभं राहता आलं म्हणूनच राहिली ना?" मी विचारलं, तुम्ही ऊठ म्हणालात की नाही? ते म्हणाले, "ते मी प्रत्येकाला म्हणतो." हे वाक्य मी त्यांच्या परवानगीनं नोंदवून घेतलं.

तो मुलगा आता दुसऱ्या शहरात शिकतो. त्यानं माझे फोन उचलले नाहीत. एकदा संदेश पाठवला, की मला यात घेऊ नका, मी झोपू शकत नाही. त्यापुढे काही लिहिलं नाही.

मी वर्ग सोडला. वर्ग सुरू आहे. पठारावर यंदाही शिबिर झालं. तिथे गेलेल्या एका बाईनं सांगितलं की मॅट या वेळी कातळावर न टाकता शाळेच्या व्हरांड्यात टाकल्या होत्या आणि एका मुलाच्या ओठाला लागलं तेव्हा आज्ञा झाली, सगळे पाठ करून बसले, मुलगा उठला, वाकला.

मार्गासनीला मी त्यानंतर दोनदा जाऊन आले. ती काठी न घेता अंगण ओलांडते. डाव्या हाताची मूठ वळत नाही. नसरापूरच्या शाळेनं कराटेसाठी दुसरी मुलगी घेतली आहे. पोलीस भरतीची नवी जाहिरात निघाली आहे. तिनं अर्ज केलेला नाही.